अडीच वर्षांच्या मुलीला खेळणी किती लागतात?

मोगरा (धागाकर्ती)

गेल्या शनिवारी दुपारी लेक झोपल्यावर मी घरातली खेळणी मोजली. खरं तर पसारा आवरायला बसले होते. दिवाणाखालून, सोफ्याच्या फटीतून, बाल्कनीतल्या टबातून एकेक काढत हॉलच्या मध्यभागी ढीग केला आणि मोजायला लागले. ब्लॉक्सचा सेट एक धरला, भातुकलीचा सेट एक धरला, तरी १४३ झाली. त्यातली ३१ दुसऱ्या वाढदिवसाला आलेली, काही अजून खोक्यातच आहेत.

ती उठून आली आणि ढीग बघून दारातच उभी राहिली. मग त्यात जाऊन बसली. बोलणारा पोपट उचलला, बटण दाबलं, टाकला. गाडी उचलली, चाक फिरवलं, टाकली. डॉक्टर सेटमधला स्टेथोस्कोप गळ्यात घालायच्या आत बाहुलीकडे लक्ष गेलं, बाहुली उभी करायच्या आत पियानोकडे. सात-आठ मिनिटांत सगळं चिवडून झालं आणि रडायला लागली. काय हवंय ते तिलाही सांगता येईना.

मग माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. खालच्या कप्प्यातून पोळ्यांचा डबा ओढून काढला, त्यात चार वाट्या घातल्या, झाकण लावलं, उघडलं, वाट्या एकेक करून बाहेर मांडल्या, परत घातल्या. माझी कणीक मळून झाली, भाजी फोडणीला पडली, तरी तिचं चालूच. एकदा एक वाटी तिरकी राहिली आणि झाकण बसेना. तिने डबा गोल फिरवून बघितला, झाकण काढलं, वाटी दाबून आडवी केली, परत लावलं. माझ्याकडे बघून म्हणाली, 'बशलं.'

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

आम्ही वाकडला राहतो, दोन खोल्या आणि हॉल. नवरा रात्री नऊला येतो आणि आठवड्यातून दोनदा तरी हातात काहीतरी असतं. त्याला 'आणू नकोस' म्हणायला जीभ रेटत नाही, कारण ती दारात धावत जाते तेवढीच काय ती दिवसातली त्यांची भेट. सासूबाई गावाहून येताना आणतात, माझी आई आणते, सोसायटीतल्या प्रत्येक वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट येतं. आम्ही कुणी लाडावून ठेवतोय असंही वाटत नाही, प्रत्येकाचं एकेकच असतं.

तुमच्याकडे कसं आहे? या वयाच्या मुलाला किती पुरतात? बाकीच्यांचं काय करता? कुणी सरळ आकडा सांगितलात तरी चालेल, मला कुठून तरी सुरुवात करायची आहे.


सुगरण

आमच्याकडे हेच. मुलगा पावणेतीनचा. मी मोजायची हिंमत केलेली नाही. वाचतेय.


बालवाडीताई

मोगरा, मी नाशिकला २२ वर्षं बालवाडी चालवते आहे. तुमच्या लेकीने पोळ्यांच्या डब्याशी जे केलं त्याला आम्ही 'काम' म्हणतो, खेळ म्हणत नाही. आत किती मावतं, कसं बसतं, का बसत नाही, काय केलं की बसेल, हे सगळं तिने एकटीने केलं. त्यासाठी तिला कुणी बोलावलं नाही की शिकवलं नाही. त्या वेळी तुम्ही 'थांब, मी लावून देते' म्हणाला नाहीत, याचं मला फार बरं वाटलं.

तुम्ही ढिगाचं जे वर्णन केलंय त्यावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो विद्यापीठात १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी देऊन खेळू दिलं आणि एकदा १६. तो निबंध २०१८ साली छापून आला. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याचे जास्त प्रकारचे उपयोग त्यांनी शोधून काढले. सोळा असताना एकावरून दुसऱ्यावर उड्या. ३६ मुलं म्हणजे काही फार नव्हेत, पण माझ्या वर्गात मी हे रोज बघते. फळीवर साधनं जास्त झाली की सकाळी दहालाच भांडणं सुरू होतात.

आकडा मागितलात म्हणून सांगते. या वयाला एका वेळी समोर सहा ते आठ. त्यात काहीतरी रचायचं असावं, काहीतरी ओढायचं-ढकलायचं, काहीतरी भरायचं-ओतायचं, खोटं खोटं घर खेळायला चार भांडी आणि एक बाहुली, एक चेंडू, आणि कुशीत घेऊन झोपायला जे तिचं आवडतं असेल ते. पुस्तकं आणि खडू यात धरायचे नाहीत. बाकीची खोक्यांत भरून माळ्यावर टाका आणि दोन-तीन आठवड्यांनी एखाद-दुसरं बदला. सगळी एकदम बदलू नका. तिला परक्या घरात आल्यासारखं वाटेल.

आणि ती ठेवायची जागा टोपली नको. टोपलीत सगळ्यात खाली गेलेलं खेळणं मुलासाठी नसतंच. तिच्या कमरेएवढ्या उंचीची एक फळी द्या, प्रत्येक वस्तूमध्ये वीतभर मोकळी जागा राहील अशी. फळीवर मावतील तेवढीच खेळणी बाहेर. मग मोजावंही लागत नाही.

हे सगळं आपल्याकडे नवीन नाही हो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडला गेलं. मॉन्टेसरीची साधनं महागडी, ती आदिवासी पाड्यावर परवडणार कुणाला? तर त्यांनी शंख-शिंपले, बिया, गोटे, पानं, काड्या यांचीच साधनं केली. अंगणातच वर्ग भरवला, ती अंगणवाडी. मी शिकत होते तेव्हा आमच्या बाई चिंचोक्यांची पिशवी टेबलावर ओतून म्हणायच्या, यातून दहा खेळ काढा, मगच घरी जा. आम्हाला चौदा सापडले होते.


डोंबिवलीचा बाबा

हा धागा वाचून मला थोडं लागलं, म्हणून लिहितोय. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

मी चाळीत वाढलो. एक खोली, आम्ही सहाजण. माझ्याकडे खेळणं म्हणून एकच वस्तू होती. आत्याने मुंबईहून आणलेली सेलवर चालणारी आगगाडी. ती आईने शोकेसमध्ये ठेवली, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढता. भाऊबीजेला आत्या यायची तेव्हा गाडी बाहेर यायची, दोन फेऱ्या मारायची, की परत आत. 'खराब होईल' एवढंच उत्तर. मी सातवीत गेल्यावर आई म्हणाली, आता तू मोठा झालास, घे. मी सेलचं झाकण उघडलं. आत सेल फुटून पांढरी-हिरवी बुरशी धरली होती, पत्र्या गंजलेल्या. ती गाडी माझ्या हातून कधीच चालली नाही. अजून आईकडे त्याच शोकेसमध्ये आहे.

माझ्या मुलाला मी दर पगाराला गाडी आणतो. तो ती पाडतो, उघडतो, चाकं काढतो, आणि मी त्याला काही म्हणत नाही. मला ते बघायला आवडतं. कमी खेळणी बरी, हे ज्यांना सगळं मिळालं त्यांना पटकन सुचतं. ज्यांना मिळालं नाही त्यांना विचारा.


मोगरा

डोंबिवलीचे बाबा, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, माझ्याकडे तेही नव्हतं. सात वर्षांच्या संसारात त्याने मला हे कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं.


बालवाडीताई

बाबा, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. एक विचारू का? गाडी एकच होती याचं वाईट वाटत होतं, की ती हातात दिली नाही याचं?


डोंबिवलीचा बाबा

दोन्हीचं, ताई. पण तुम्ही विचारल्यावर आठवलं. त्याच चाळीत गच्चीवर आम्ही आगपेटीच्या छापांची 'गाडी' खेळायचो, पतंगाची फिरकी होती, गोट्यांची बरणी होती. ते मी खेळणी म्हणून धरलंच नव्हतं, कारण ते विकत आणलेलं नव्हतं. तरीही मुलाला गाडी आणणं मी थांबवणार नाही. महिन्याला एक, एवढंच.


बालवाडीताई

थांबवू नकाच. जे मूल गाडीची चाकं काढतं त्याला चाकं काढायला गाड्या लागणारच. फक्त काढलेली चाकं फेकू नका, त्याच्याकडे एका डब्यात राहू द्या.


नागपूरचे आजोबा

बेटा मोगरा, आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोट्टे लाकडी बैल घेऊन निघतात. नागपुरात ही प्रथा भोसल्यांच्या काळापासूनची. बैलाला चाकं असतात, गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड. आपापला बैल ओढत घरोघरी जायचं, लोक बोजारा देतात, म्हणजे चार पैसे, खाऊ.

माझ्याकडे जो बैल आहे तो माझ्या वडिलांचा. सागाचा आहे, जड आहे. एक कान माझ्या वेळेस तुटला, तो सुताराने नवा बसवला, रंगात फरक दिसतो. मग माझा मुलगा, आता नातू. वर्षभर देवघराच्या वर असतो. श्रावण संपत आला की नातू रोज विचारतो, बैल कधी काढायचा. चार दिवस आधी काढतो, तेल लावतो, चाकाच्या आसाला थोडं वंगण. हे सगळं तोच करतो, पाच वर्षांचा आहे. नंतर आठ दिवस घरभर बैल फिरतो, त्याला चारा होतो, पाणी होतं. मग परत वर.

नातवाकडे बाकी भरपूर खेळणी आहेत, सून नोकरी करते, हौसेने आणते. मी त्यात पडत नाही. पण त्यातल्या एकाचीही तो अशी वाट पाहत नाही. घरात एखादं खेळणं असं असावं की जे कायम समोर नसतं आणि ज्याचा दिवस ठरलेला असतो. तुमच्या पुण्याकडे दिवाळीचा किल्ला तसाच की. माती, दगड, अळीव पेरायचं, मावळे मांडायचे. मावळे वर्षभर डब्यात, दिवाळीला बाहेर.


सुगरण

आजोबा, काय सुंदर लिहिलंत. कानाच्या रंगातला फरक डोळ्यासमोर आला.


पोरांचा डॉक्टर

बालरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूर. संख्येवर इथे चांगली चर्चा चालू आहे. मी तिची दुसरी बाजू लिहितो, जी मला दवाखान्यात दिसते.

मोगरा, त्या १४३ पैकी किती खेळण्यांत चपटे गोल बटण सेल आहेत आणि त्यांतल्या किती सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे, हे तुम्हाला आत्ता सांगता येईल का? येणार नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. एवढ्या ढिगात कुणालाच सांगता येणार नाही. पंधरा असती तर आली असती. खेळणी कमी असावीत असं मी पालकांना सांगतो त्याचं माझ्यापुरतं पहिलं कारण हे आहे. घरातलं प्रत्येक खेळणं मोठ्या माणसाला ओळखीचं हवं. कशाचा डोळा सैल झालाय, कशाचं चाक निघतंय, कुठलं झाकण उघडं आहे.

बटण सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी खोल जखम होऊ शकते. मूल सुरुवातीला ठीकही दिसतं, थोडी लाळ गळते, जेवत नाही, खोकतं. शंका जरी आली तरी वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही, एक्स-रे आणि दुर्बीण असलेलं रुग्णालय गाठायचं. छोट्या जोरदार चुंबकांचंही तसंच. दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना चिमटीत धरतात.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुट्या तुकड्यांची जी चाचणी असते, तिच्यात सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीचं नळकांडं वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. ३ वर्षांवरील मुलांसाठी असं खोक्यावर लिहिलेलं असतं ते हुशारीच्या दृष्टीने नाही, त्यासाठी असतं. 'आमची हुशार आहे, तिला मोठ्यांचंच आवडतं' असं म्हणून आणू नका, कृपा करून.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. रिटर्न गिफ्टमध्ये घाऊक भावाने आणलेल्या ज्या वस्तू येतात त्यांच्यावर ते शोधा. नसेल तर मुलीच्या हातात जाण्याआधी बाजूला काढा. रंग, टोकं, सेल, कशाचीच खात्री नसते. ही एक चाळणी लावली तरी तुमचा ढीग बराच उतरेल.


मोगरा

डॉक्टर, आत्ताच बघून आले. सेलची २२ निघाली. त्यातल्या ५ ची झाकणं नुसती नखाने उघडतात. एकात बटण सेल होता. हात थरथरत होते बघताना. पाचही घरातून बाहेर गेली आहेत. मनापासून आभार.


मेलबर्नहून

आम्ही पाच वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा मुलगा दोनचा होता. बॅगांचं वजन मोजून आणलेलं, त्यामुळे खेळणी तीन. शेजारणीने टॉय लायब्ररी दाखवली. वर्षाची वर्गणी भरायची, शनिवारी जायचं, तीन-चार खेळणी घ्यायची, दोन-तीन आठवड्यांनी परत. वर्षातून काही वेळा आपणही तिथे काम करायचं.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. प्रत्येक पिशवीवर आतल्या तुकड्यांची यादी असते. परत देताना तुकडे मोजून द्यायचे. मुलगा साडेतीनचा असताना लाकडी आगगाडीच्या रुळांचा एक तुकडा मिळेना. आम्ही दोघं अर्धा तास पालथे पडून शोधत होतो. धुलाईयंत्राच्या मागे सापडला. त्यानंतर तो स्वतःच रात्री मोजायला लागला, 'बावीस हवेत, एकवीस आहेत.' त्याचे आकडे असेच पक्के झाले.

पुण्यात, मुंबईत खेळणी भाड्याने देणारी माणसं आता आहेत म्हणे. पण मोगरा, तुमच्या सोसायटीतच करता येईल. दहा घरं, प्रत्येकाची दहा मोठी खेळणी, क्लबहाउसमध्ये एक कपाट. घसरगुंडी, तंबू, मोठा किचन सेट, अशा जागा खाणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करा.


चिंतातुर मामी

सोसायटीत करायचं तर तुटल्यावरून भांडणं होणार नाहीत का?


मेलबर्नहून

होतात कधी कधी. म्हणून वर्गणीतूनच दुरुस्ती, आणि जे तुटलेलं चालणार नाही ते कपाटात ठेवायचंच नाही. मुलाचं जीव की प्राण असलेलं खेळणं तर कधीच नाही.


वेंगुर्ल्याची

लाकडी खेळणी आणा म्हणजे सगळं सुटलं, असा सल्ला कुणी देईल त्याआधी लिहिते, कारण माझं माहेर सावंतवाडीच्या जवळ. चितार आळीत लहानपणापासून जाते. लाकडी फळं, भाज्या, भातुकली, बाहुल्या. पूर्वी पांगाऱ्याचं लाकूड वापरायचे, हलकं असतं. फणस अर्धा सोललेला असावा तसा रंगवतात, गरे दिसतात. सुंदर काम आहे, कारागिरांचं पोट त्यावर आहे, जरूर घ्या.

पण माझ्या भाचीकडे लाकडीसुद्धा साठ झाली आहेत. ढीग लाकडाचा असला तरी ढीगच. शिवाय त्या रंगीत फळांमधली बरीचशी मांडून ठेवायच्या कामाची, दात येणाऱ्या बाळाच्या तोंडात द्यायची नव्हेत. घेताना दुकानदाराला विचारा, ते स्वतः सांगतात कुठलं लहानग्यांना द्यायचं आणि कुठलं नाही. लाखेच्या रंगाची कर्नाटकातल्या चन्नपट्टणची असतात, ती गुळगुळीत आणि गोल कडांची, लहानांना ती बरी.

आमच्या आजीने आम्हाला आंब्याच्या कोयींची गुरं करून दिली होती. चार काड्या टोचल्या की बैल. पावसाळ्यात कोयीला कोंब फुटायचा, मग तो बैल परसात पेरायचा. नवीन मे महिन्यात नवीन बैल.


एका मुलाची आई

इथे फारसं लिहीत नाही, पण 'माळ्यावर टाका' वाचून राहवलं नाही.

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. त्याच्याकडे ४० गाड्या आहेत. तो त्या खिडकीपासून दारापर्यंत रांगेत लावतो. एक जरी हलली तरी त्याला कळतं. तो तीनचा असताना आम्हालाही कुणीतरी सांगितलं होतं, खेळणी कमी करा, म्हणजे इतर खेळेल. मी रात्री २० गाड्या उचलून ठेवल्या. सकाळी त्याने रांग लावायला घेतली आणि अर्ध्या वाटेत गाड्या संपल्या. तो फरशीवर डोकं आपटायला लागला. तीन दिवस जेवला नाही. त्या तीन दिवसांबद्दल मी अजून स्वतःशी पूर्ण बोललेले नाही.

नंतर ज्या थेरपिस्ट भेटल्या त्या त्याच्या रांगेशेजारी जाऊन बसल्या. पहिले काही दिवस नुसत्या बसल्या. मग स्वतःची एक गाडी आणून रांगेच्या शेवटी ठेवली. त्याने ती उचलून बाजूला केली. दुसऱ्या दिवशी परत ठेवली. कितव्यांदा तरी त्याने ती राहू दिली. आता तो मला हात धरून नेतो आणि माझ्या हातात एक गाडी देतो, कुठे लावायची ते बोटाने दाखवतो. ४० गाड्या आहेत म्हणून हे झालं. ६-८ चा नियम त्याच्यासाठी नाही.

प्रत्येक मुलाच्या बाबतीत एवढं तरी करा. न सांगता, झोपेत असताना काढून घेऊ नका. अडीच वर्षांच्या मुलीलाही 'ही आता माळ्यावर झोपायला जाणार' असं सांगता येतं. कुठलं ठेवायचं हे तिला विचारता येतं.


बालवाडीताई

ताई, हे मीच लिहायला हवं होतं, राहून गेलं. तुम्ही लिहिलंत, बरं झालं. मोगरा, आधीच्या प्रतिसादात ही सुधारणा करून घ्या: मुलीच्या समोर, तिच्या हातून.


साताऱ्याची आत्या

धाग्यावर एक गोष्ट कुणीच बोललं नाही. आजी-आजोबांना काय सांगायचं? माझी आई नातवंडांकडे रिकाम्या हाताने जाणं म्हणजे अपशकुन मानते. मी एकदा 'आणू नकोस' म्हणाले, तर ती दिवसभर गप्प होती.


नागपूरचे आजोबा

आजोबा म्हणून सांगतो. 'आणू नका' म्हटलं की आम्हाला 'येऊ नका' ऐकू येतं. काय आणायचं ते सांगा. 'बाबा, येताना तुमच्याकडची बोरं आणा', 'आई, तुझ्या जुन्या साडीची एक बाहुली शिवून दे'. काम दिलं की आम्ही खुश. माझ्या सुनेने मला सांगितलं, दर रविवारी याला बसने सीताबर्डीला नेऊन आणा. तिकीट तोच काढतो, पैसे तोच देतो, तिकिटं तोच जमवतो. खेळण्यांच्या दुकानासमोरून जातो आम्ही, पण त्याला घाई बसच्या पुढच्या सीटची असते.


साताऱ्याची आत्या

साडीची बाहुली! आईला आजच फोन करते.


मोगरा

दीड महिन्याने लिहितेय. व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) चौघींनी विचारलं काय झालं, म्हणून इथेच सांगते.

आधी डॉक्टरांची चाळणी लावली. आयएसआय चिन्ह नसलेली, तुटकी, टोकदार, सेलचं झाकण सैल असलेली, अशी ३८ गेली. मग एका रविवारी नवऱ्याने चप्पल ठेवायच्या जुन्या रॅकची वरची फळी काढून ती हॉलच्या भिंतीला खाली बसवली. लेक स्क्रू देत होती. त्यावर काय ठेवायचं हे तिलाच विचारलं. तिने सगळ्यात आधी पोळ्यांचा डबा आणून ठेवला. मी तो दिला, आमच्या पोळ्या आता कॅसरोलमध्ये असतात. मग ठोकळे, कापडी ससा, लाल चेंडू, दोरीची गाडी, भातुकलीतली चार भांडी. आणि एक फुटका चष्मा, माझ्या सासऱ्यांचा, काचा नसलेला. तो खेळण्यात मोजला नव्हता मी. फळी भरली.

सुरळीत झालं असं नाही. 'झोपायला चालले' म्हणून आम्ही पियानोचं खोकं माळ्यावर ठेवलं तेव्हा ती खालून हात हलवत होती, आणि रात्री साडेबाराला उठून पियानो मागत बसली. नवऱ्याने शिडी लावून काढून दिला. तिने दोन सुरावटी वाजवल्या आणि झोपली. सकाळी परत वर. असं तीन रात्री झालं. चौथ्या रात्री नाही.

बदलायचं दर दोन आठवड्यांनी ठरवलं होतं, ते पाळलं जात नाही. तिने मागितलं की बदलतो. एकदा खोक्यातून खारूताई काढली तर तिला मिठी मारून म्हणाली, 'उथली.' म्हणजे उठली.

उरलेल्यांतली चांगली निवडून मी जवळच्या अंगणवाडीत घेऊन गेले. तिथल्या ताईंनी पिशवी उघडून शांतपणे सगळं जमिनीवर मांडलं आणि अर्धं मला परत दिलं. 'सेटमधले तुकडे कमी आहेत ताई. आमच्या पोरांनाही पूर्णच हवं असतं ना.' मला फार लाज वाटली. घरी येऊन दोन दिवस दिवाणाखाली, गादीखाली शोधून तीन सेट पूर्ण केले, मोजून पिशव्यांत बांधले, मेलबर्नच्या ताईंसारखी वर यादी लावली, आणि मग परत नेऊन दिले. त्या वेळी त्यांनी चहा दिला.

सोसायटीतल्या कपाटाला सहा घरं तयार आहेत. सेक्रेटरींची परवानगी अजून व्हायची आहे.

नवरा अजून नऊलाच येतो. मी त्याला काही म्हटलं नव्हतं. डोंबिवलीच्या बाबांचा प्रतिसाद त्याने स्वतः परत वाचला असावा. परवा तो हातात गुलमोहराची वाळलेली शेंग घेऊन आला, हातभर लांब, ऑफिसच्या पार्किंगमध्ये पडलेली. लेक नेहमीसारखी धावत गेली. शेंग हलवली की आत बिया वाजतात हे तिला कळायला एक क्षण लागला. मग दोघं दारातच, त्याने बूटही काढले नव्हते, शेंग वाजवत बसले. नंतर ती शेंग जमिनीवर ठेवून तिच्यावरून गाडी नेली, मग तिने ससा झोपवला, मग ती मोडून आतल्या बिया पोळ्यांच्या डब्यात. डॉक्टर, बिया मी मोजून घेतल्या आणि झोपल्यावर काढून ठेवल्या.

पियानो तिने आता महिनाभर मागितलेला नाही, मी तिला विचारलं, ती 'दे दादाला' म्हणाली. कुठला दादा ते माहीत नाही. वाकड-पिंपळे निलखच्या आसपास कुणाला हवा असेल तर व्यनि करा. सगळ्या पट्ट्या वाजतात. सेलचं झाकण स्क्रूने घट्ट आहे, मी तपासलंय.